पाहुणे पक्षी इथे अंडी घालतात का?

"थंडीत मायणी-येरळवाडीच्या तलावांवर येणारे परदेशी पक्षी इथे अंडी घालतात आणि पिल्लं उडायला लागली की परत जातात." सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या या तलावांबद्दलचा हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण उन्हाळ्यात पाण्याकाठी पिल्लं खरंच दिसतात. पण ती टिटवीची, शेकाट्याची, टिबुकलीची. म्हणजे इथल्याच रहिवाशांची.

चक्रवाक (केशरी बदक) आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस) यांची वीण होते लडाख-तिबेटकडे, उन्हाळ्यात. रोहित (फ्लेमिंगो) कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे करून अंडी घालतो. खटाव तालुक्यात ही मंडळी येतात ती पोटासाठी.

पडताळायचंय? चक्रवाकाच्या पिल्लाला उडायला सुमारे ५५ दिवस लागतात. इथे वीण झाली असती, तर आईमागे पोहणारी न उडणारी पिल्लं दोन महिने तरी दिसली असती. हिवाळाभर फेऱ्या मारा, एकही सापडणार नाही. मार्चमध्ये दुर्बिणीतून नराची मान बघा. तिथे बारीक काळी कंठी उमटलेली असते, ती विणीची खूण. आणि नेमके तेव्हाच ते उत्तरेला निघतात.

काठाने फिरताना मात्र पायाखाली बघा. टिटवीची ठिपकेदार अंडी खड्यांत अजिबात ओळखू येत नाहीत.