लोखंडाच्या खडकावर उपाशी एक्झोरा

ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली की मला दरवर्षी एक ठरलेला प्रश्न येतो. यंदा तो शेजारच्या काकूंनी विचारला. "अगं, एक्झोरा पिवळा पडत चाललाय बघ. शेणखत घातलं, युरिया घातला, तरी नवीन पानं पिवळीच येतायत." बघायला गेले. कंपाउंडच्या भिंतीला लागून एक्झोराची, म्हणजे झुबक्यांनी फुलणाऱ्या त्या झुडपाची, पाच रोपं होती आणि बुंध्याशी मातीत चार गंजके खिळे खोचलेले होते. झाडाला लोह मिळतं म्हणून खिळे पुरायचे, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. एका फांदीला काळा दोराही होता. तो माळीदादांनी नजर लागू नये म्हणून बांधला होता.

रोग लोहाच्या कमतरतेचाच होता, हे पानावरून लगेच कळत होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळट, पण त्यांच्या शिरा गडद हिरव्या, जाळी विणल्यासारख्या. तळाची जुनी पानं मात्र हिरवीगार. नत्र कमी पडलं तर चित्र उलटं दिसतं, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं आणि पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही. म्हणून उपासमार पहिल्यांदा नव्या पानाची होते. पिवळं पान दिसताच युरिया टाकण्याआधी पिवळेपणा वरून आलाय की खालून, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं.

पण मग प्रश्न पडतो, नाशिकला लोहाची कमतरता कशी? आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात लोहाची ऑक्साइडं १० टक्क्यांहून अधिक असतात. त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली. म्हणजे एक्झोरा अक्षरशः लोखंडावर उभा आहे आणि लोहावाचून उपाशी आहे. बागकामातली मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

लोखंडी कढईत साधं पाणी थोडा वेळ ठेवलं तर फारसं काही होत नाही. चिंच घातलेली आमटी ठेवली तर ती काळपट होते, तिला लोखंडाची चव येते. आम्लात लोह विरघळतं. मातीतही तसंच. मातीचा सामू, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (आकडा जितका कमी, तितकी माती आंबट), १ ने वाढला की मोकळा विरघळलेला फेरिक आयन, म्हणजे गंजात असतं त्या रूपातलं लोह, हजार पटीने कमी होतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीचा सामू ६ च्या खाली असतो, आपल्या काळ्या मातीचा बहुधा ८ च्या आसपास. दोनच अंकांचा फरक, पण हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख पट! एक्झोरा कॉफीच्या कुळातला, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला. पावसाने धुतलेल्या आम्लधर्मी लाल मातीत त्याचं आयुष्य गेलेलं. केरळात त्याला तेच्ची म्हणतात आणि देवाला वाहतात. लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं 'इक्सोरा' हे नावही 'ईश्वर' या शब्दाच्या पोर्तुगीज उच्चारावरून आलेलं आहे.

आता मुळाची कारागिरी. एक्झोरासारखी द्विदल झाडं लोह तीन पायऱ्यांत मिळवतात. पहिली पायरी म्हणजे चिंचेची: मुळाच्या पेशी प्रोटॉन बाहेर सोडून स्वतःभोवतीची माती आंबट करतात. त्याने थोडं फेरिक लोह विरघळतं. दुसऱ्या पायरीला मुळाच्या पृष्ठभागावरचं विकर (एन्झाइम) त्या फेरिक आयनाला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचं फेरस करतं. तिसऱ्या पायरीला पेशीच्या पटलातलं एक वाहक प्रथिन फेरसला आत घेतं. संशोधन बहुतेक अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या तणावर झालं. वाहकाचं जनुक आयआरटी-१ हे १९९६ मध्ये सापडलं, विकराचं एफआरओ-२ हे १९९९ मध्ये. या वाहकाची निवड फार काटेकोर नसते. त्याच दारातून जस्त, मँगनीज, अगदी कॅडमियमसुद्धा आत शिरतं.

गवतवर्गाने वेगळीच वाट शोधली. गहू, ज्वारी, ऊस मुळांतून असे रेणू सोडतात जे फेरिक लोहाला कवेत घेतात, आणि मूळ ती जोडी तशीच्या तशी आत ओढतं. तिथे मातीच्या सामूची अडचण कमी जाणवते. काकूंच्या एक्झोराच्या पायाशी वाढलेली हरळी हिरवीगार होती, तीही गवतच.

एक्झोराचं घोडं अडतं ते पहिल्या पायरीवर. आपल्या मातीत चुनखडी असते आणि बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. कुंडीच्या काठावर जमणारा पांढरा थर म्हणजे ते पाणी वाळून मागे उरलेला चुना. मूळ प्रोटॉन सोडतं, बायकार्बोनेट तो लगेच गिळतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. माती आंबट होतच नाही. झडीच्या पावसात हे आणखी बिघडतं. चिकण काळी माती पाण्याने गच्च होते, मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो, चुनखडीशी मिळून आणखी बायकार्बोनेट बनवतो, आणि प्राणवायूवाचून मुळंही मंदावतात. ऑगस्टचा तो ठरलेला प्रश्न इथून येतो. भिंतीलगत लावलं असेल तर सिमेंट आणि गिलाव्याच्या तुकड्यांतला चुना वरून भर घालतो.

म्हणून खिळ्यांचा उपयोग नाही. गंज हे फेरिक ऑक्साइडच, आणि ते या मातीत मुळातच भरपूर आहे. पिवळ्या पानांना मॅग्नेशियम सल्फेट घाला, असा व्हिडिओही खूप फिरतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं हे खरं, पण तो रेणू घडवायला लोह लागतं, आणि प्रकाशसंश्लेषणाच्या एकट्या पहिल्या प्रकाशप्रणालीत (प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनांच्या एका संचात) लोहाचे १२ अणू असतात. दोऱ्याबद्दल काकूंना एवढंच म्हटलं, की फांदी जाड झाली की तो सालीत रुतेल, आजच काढा.

'लिंबू पिळा, माती आम्लधर्मी होईल' हा सल्लाही हिशेबात बसत नाही. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात साधारण १०० किलो माती मावते. तिच्यात १० टक्के चुनखडी धरली तर ती १० किलो झाली. तेवढी संपवायला जिवाणूंकरवी आम्ल होणारं गंधकसुद्धा ३ किलोहून जास्त लागेल. लिंबाचा खरा उपयोग तपासणीला. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर रस टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी आहे. इगतपुरी किंवा पेठकडची भाताची लालसर माती आणून तिच्यावरही टाकून बघा. तिथल्या पावसाने चुना कधीच वाहून नेलाय.

मग करायचं काय? कुंडीत किंवा उंच वाफ्यात लावा. लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट मिसळा, भिंतीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून घाला. जमिनीतच असेल तर चिलेट. चिलेट शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. लोहाला नांगीत धरून विरघळलेलं ठेवणारा हा रेणू. दुकानात बहुधा ईडीटीए नावाचा चिलेट पुढे करतात, पण आपल्या मातीत कॅल्शियम त्याच्या नांगीतून लोहाला हुसकावतं. ईडीडीएचए हा दुसरा चिलेट मागा. तो सामू ९ पर्यंत पकड सोडत नाही. निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांना हे नाव नवीन नाही, त्यांच्या वेलींनाही हाच आजार होतो.

महाग वाटलं तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल), ताजं कालवून संध्याकाळी पानांवर फवारायचं. लिंबूसत्त्वामुळे फेरसचं फेरिक व्हायला वेळ लागतो. फ्रान्समध्ये यूसेब ग्रीस यांनी १८४०च्या दशकातच लोहाचे क्षार वापरून पिवळी पानं हिरवी करून दाखवली होती.

काकूंच्या रोपांवर आम्ही आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारलं. दुसऱ्या फवारणीनंतर चार दिवसांनी त्यांनी मला पान दाखवायला बोलावलं. पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटले होते, जिथे जिथे थेंब बसला होता नेमके तिथे. दोन थेंबांमधली जागा अजून पिवळीच होती.