ठशाखालचं पोलाद खोटं बोलत नाही

जुन्या रायफलीवर ‘एनफील्ड’ हे नाव दिसलं की ती थेट १८५७ ची ठरवली जाते. त्या वर्षीच्या एनफील्डमध्ये दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासावी लागे. मागे बोल्ट आणि खाली दहा गोळ्यांचं मॅगझिन असलेली, पोलिसांमुळे आपल्या ओळखीची थ्री-नॉट-थ्री (मार्क ३) १९०७ सालची. दुसरा गैरसमज मुकुटाचा: मुकुट आहे, म्हणजे रायफल विलायतेची. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही मुकुटच ठोकत. बोल्टच्या मागे, बट जिथे बसतो त्या पोलादी कड्याच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली ‘जीआरआय’ (राजा आणि सम्राट जॉर्ज), ‘ईशापूर’, साल आणि मॉडेल असा क्रम दिसतो. त्याच राजाच्या काळातल्या विलायतेच्या रायफलीवर नुसतं ‘जीआर’ असतं. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले.

वायव्य सरहद्दीवर हाताने बनवलेल्या नकला पकडायला कधी कधी इतिहासच पुरतो. राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारली, त्यामुळे तिच्या नावाच्या ‘व्हीआर’खाली १९०७ हे साल असेल तर पुढे तपासायची गरज नाही. इंग्रजी ‘एन’ उलटा कोरलेला असणं हीसुद्धा तिथलीच खूण.

नक्कल चांगली असेल तर मात्र अक्षरं वाचून भागत नाही. अक्षराची कड पाहावी लागते. पंचावर, म्हणजे अक्षर ठोकायच्या पोलादी ठशावर, हातोडा बसतो तेव्हा पोलाद नाहीसं होत नाही, ते बाजूला सरकतं. म्हणून ठोकलेल्या आकड्याच्या काठाला बारीक उंचवटा असतो. दहापट भिंग घ्या आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ आडवा धरा. त्या उंचवट्याची सावली पडते. कोरलेल्या किंवा लेझरने काढलेल्या आकड्यात धातू काढून टाकलेला असतो, म्हणून तळाशी हत्याराच्या समांतर रेघा किंवा वितळल्याच्या खुणा दिसतात. उंचवटा नाही, एवढ्यावरून मात्र नकली म्हणू नका. कारखान्यात ठोकल्यानंतर घासून पॉलिश केलं असेल तरीही तो जातो. अशा वेळी आकड्याच्या आत पाहा. सगळी रायफल जुनाट काळी आणि खाचेत तेवढं उघडं, चकचकीत पोलाद असेल, तर आकडा नंतर पडलेला आहे.

आता ठशाच्या खाली जाऊ. पोलाद स्फटिककणांचं बनलेलं असतं. पंचाच्या दाबाने तळाखालचे कण चेपतात, त्यांच्यातल्या अणूंच्या जाळीत विस्थापनं (रांगा विस्कटल्याचे दोष) साचतात आणि तेवढा भाग कडक होतो. नाशिकच्या तांबटांना हे हातानेच कळतं: ठोकता ठोकता तांब्याचा पत्रा ताठरतो, भट्टीत लाल केल्याशिवाय पुढे वळत नाही. पोलादातला हा ताण आकड्याच्या खोलीपेक्षाही खाली उतरतो. म्हणून कानशीने आकडा सपाट केला तरी त्याची छाप आत उरते. ताणलेल्या धातूत ऊर्जा साठलेली असते, तो शेजारच्या धातूपेक्षा आम्लात वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा रंगछटेच्या फरकाने वर येतो.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आधी चुंबकीय कणांची चाचणी करतात, कारण तिने पृष्ठभाग बिघडत नाही. नंतर जागा आरशासारखी गुळगुळीत करून, ॲसिटोनने तेलकटपणा काढून, कापसाच्या बोळ्याने फ्राय द्रावण फिरवतात: ९० ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, १२० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, १०० मिली पाणी. आम्ल कमी पडलं तर लोखंडावर तांब्याचा थर चढतो आणि सगळं झाकून टाकतो. सगळे आकडे एकदम येतील असंही नाही. एक उमटतो तोवर दुसरा विरतो, म्हणून प्रत्येक टप्प्याचा फोटो लागतो. ३, ६ आणि ८ मध्ये घोटाळा ठरलेला. हे घरी करायचं काम नाही. पुसट आकडा हा पुरावा असतो, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे.

नळी ‘अष्टधातूची’ आहे, घरात ठेवली की बरकत येते, असं कुणी सांगितलं तर सरळ बाहेरचा रस्ता दाखवा. रायफलीची नळी पोलादाची असते, चुंबक लावून पाहा.

सगळे नंबर जुळतात म्हणजे माल अस्सल, या समजुतीलाही आधार नाही. बॉडी, नळी, बोल्ट यांवर एकच क्रमांक असायचा, पण नळ्या झिजतात आणि दुरुस्तीत बदलतात. वेगळा नंबर किंवा वेगळं साल हा बहुतेकदा प्रामाणिक सेवेचा पुरावा असतो. सगळे नंबर जुळतात, पण एकाच पंचाचे आणि सारखेच ताजे दिसतात, तेव्हा शंका घ्यावी. एनसीसीच्या कवायतीतल्या रायफलीवर ‘डीपी’ (ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी) अक्षरं असतात. ती निकामी केल्याची खूण आहे, नकलेची नव्हे.

आम्लाच्या चाचणीची मर्यादा तांबटाच्या भट्टीतच आहे. रायफल आगीत सापडून लालबुंद झाली असेल तर स्फटिककण नव्याने जुळतात, ताण निघून जातो आणि द्रावण कितीही फिरवलं तरी काही उमटत नाही. अशा वेळी अहवालात ‘क्रमांक मिळाला नाही’ एवढंच लिहिता येतं. क्रमांक कधी ठोकलाच नव्हता, असं लिहिता येत नाही.