बेमस्टरचा नकाशा

नेदर्लंड्समधील उत्तर हॉलंड प्रांतातील बेमस्टर सरोवर 1607 ते 1612 या काळात उपसून त्याची सु. 7,000 हेक्टर शेतजमीन करण्यात आली. तिच्या आखणीचा व वाटपाचा नकाशा यूरोपीय भूमापनाच्या इतिहासात महत्त्वाचा मानतात.

सरोवराला बांध घालून त्याबाहेर, उपसलेले पाणी सोडण्यासाठी, वेढा-कालवा खोदला गेला. तळ समुद्रसपाटीखाली सु. 3.5 मी. खोल; एकट्या पवनचक्कीला एवढ्या उंचीवर पाणी चढवणे जमत नसे. त्यामुळे चक्क्या टप्प्याटप्प्याने एकीपुढे एक लावल्या, एकूण 43. जानेवारी 1610 च्या वादळात समुद्रबांध फुटून उपसत आलेले सरोवर पुन्हा भरले. बांध उंचावून काम नव्याने हाती घ्यावे लागले.

आखणी कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. लोकपरंपरा सारे श्रेय यान आड्रियानझोन लेखवाटर (1575–1650) याला देते. तो लगतच्या डे रैप गावचा, चक्क्या बांधण्यात तरबेज. 1641 मध्ये हार्लेमचे सरोवर उपसण्याची योजना मांडणारे त्याचे पुस्तक निघाले व त्याची कीर्ती वाढली. पण चक्की उभारणे आणि जमीन मोजून तिचे गट पाडणे हे दोन वेगळे व्यवसाय होत. नकाशाचे काम भूमापकांचे होते आणि त्यांत अ‍ॅमस्टरडॅमचा शहर-भूमापक लुकास यान्झोन सिंक प्रमुख होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आखणी एका हातची नसून अनेक मोजणीदारांची असावी.

गट साधारण 180 मी. रुंद व 900 मी. लांब. पाच गटांचा एक चौरस, अशा चार चौरसांचा एक मोठा चौरस; भोवती रस्ते व चर. 1612 मध्ये उपशाला पैसा पुरवणाऱ्या भागधारकांना जमीन वाटली गेली ती याच आखणीवरून. कडेला मात्र सरळ रेषा सरोवराच्या वाकड्या काठाला भिडतात आणि तिथले गट पाचरीसारखे निमुळते होतात. जुन्या सरोवराचा काठ नकाशावर स्पष्ट दिसतो तो इथेच. जमिनीचे चढउतार या नकाशांत नाहीत.

पुढील काळातील स्थलवर्णनात्मक नकाशांवर अ‍ॅमस्टरडॅमच्या संरक्षणफळीतील किल्ले दिसू लागतात. मिडनवेख व रैपरवेख हे रस्ते आजही मिडनबेमस्टर गावात काटकोनात छेदतात. 1999 मध्ये यूनेस्कोने बेमस्टरचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.