पर्यावरणीय शाश्वतता

पाणी, माती, मासळी, जंगल यांत निसर्ग जेवढी भर घालतो तेवढीच उचल करायची आणि जेवढा धूर, कचरा, सांडपाणी तो पचवू शकतो तेवढेच त्याच्या हवाली करायचे, अशी जगण्याची व कारभाराची रीत. कोळसा आणि खनिज तेल यांची भर माणसाच्या हयातीत होतच नाही. तिथे पर्याय उभा राहील त्या वेगाहून जास्त उपसा नको, असा दंडक अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी घालून दिला.

कल्पना वनव्यवस्थापनातली आहे. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातील खाणींना लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण-अधिकाऱ्याने जंगल वाढेल तेवढीच तोड करावी, असे १७१३ मध्ये लिहून ठेवले. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा जगभर पोहोचली ती संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालामुळे : आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढू नये, हा त्याचा गाभा. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली.

मराठी शब्दाबाबत थोडे थांबायला हवे. ‘शाश्वत’ म्हणजे कधीच नाश न पावणारे. संतवाङ्मयात ते परमार्थाकडे बोट दाखवते. खाडी किंवा डोंगर राखला तरच राहतो, म्हणून ‘धारणक्षम’ हा शब्द अधिक नेमका होता, पण तो रुळला नाही. हिंदीतला ‘सतत विकास’ जसाच्या तसा उचलला, तर मराठीत अर्थच उलटतो : न थांबणारा विकास.

मुंबईत ही कल्पना सर्वांत स्पष्ट दिसते ती कोळीवाड्यांत. पावसाळा हा बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या लोटण्याची चाल कायद्याहून कितीतरी जुनी आहे. एवढ्याने भागत नाही. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात अंडी न घातलेली पिल्लेही येतात आणि पुढच्या हंगामाचे बियाणेच संपते. म्हणून राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. दोष एकट्या मच्छीमाराचा नाही. तळहाताहून लहान पापलेट मागणारे गिऱ्हाईकही त्यात भागीदार असते.

‘परिसंस्था सेवा’ म्हणजे निसर्ग बिनमोल करतो ती कामे. कांदळवन, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, लाटांचा जोर मोडते, गाळ धरते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भराव आणि बांधकामांनी आवळलेल्या मिठी नदीला पाणी वाहून नेता आले नाही. कांदळवन तोडल्याने नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

हवामानाच्या चर्चेत ‘शमन’ म्हणजे तापमान वाढवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन कमी करणे, तर ‘अनुकूलन’ म्हणजे आता टळणार नाही त्या पुराला आणि उन्हाला तोंड देण्याची तयारी. ‘निव्वळ शून्य’ म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषला जाणे. देशाने त्यासाठी २०७० हे वर्ष ठरवले आहे, मुंबईच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्याने २०५०. हा हिशेब कागदावर जुळवणे सोपे असते. जुने झाड पाडून दुसरीकडे लावलेली दहा रोपे वहीत दहा दिसतात. सावली, ओल आणि पाखरे मात्र त्या एका झाडाकडेच होती.

‘वहनक्षमता’ म्हणजे एखादा प्रदेश न खंगता किती भार पेलतो ते. शहराची वहनक्षमता मोजताना हद्द कुठे आखली हे आधी पाहावे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी फक्त तुळशी आणि विहार शहरात आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य व ऊर्ध्व वैतरणा ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतले. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईचे पाणी निघते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.