काइन, बलाम आणि कोरह : हेवा, लोभ व बंडाविषयीचे इशारे

नव्या करारातील यहूदाचे पत्र अवघ्या २५ वचनांचे आहे. त्याच्या अकराव्या वचनात जुन्या करारातील काइन, बलाम व कोरह यांच्या वाटेने जाणाऱ्यांचा धिक्कार केला असून, ख्रिस्ती उपदेशात या तिघांकडे सामान्यतः अनुक्रमे हेवा, लोभ आणि बंड यांची उदाहरणे म्हणून पाहिले जाते. पत्राचा रोख मंडळीबाहेरच्या लोकांवर नसून, विश्वासणाऱ्यांच्या प्रीतिभोजनांत निर्धास्तपणे बसणाऱ्या, आत शिरलेल्या माणसांवर आहे. या तिन्ही कथा वेदी आणि अर्पण यांच्याभोवती घडतात, ही गोष्ट त्यामुळे महत्त्वाची ठरते.

काइनाच्या कथेत (उत्पत्ती ४) काइन व हाबेल हे दोन्ही भाऊ अर्पण आणतात; हाबेलाचे स्वीकारले जाते, काइनाचे नाही. पाप दाराशी टपून बसले आहे व त्याच्यावर त्याने सत्ता चालवावी, असे देव काइनाला, त्याने हाबेलाचा खून करण्याआधीच, बजावतो. म्हणजे हेवा आवरता येतो असे कथा गृहीत धरते.

बलामाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मवाबाचा राजा बालाक इस्राएलाला शाप देण्यासाठी बलाम या द्रष्ट्याला बोलावतो (गणना २२–२४), तीन ठिकाणी प्रत्येकी सात वेद्या उभारल्या जातात, पण त्याच्या तोंडून आशीर्वादच निघतात. राजाने सोन्यारुप्याने भरलेले घर दिले तरी देवाची आज्ञा मोडणार नाही, असेही तो म्हणतो, त्यामुळे एवढेच अध्याय वाचणाऱ्याला तो लोभी वाटणे कठीण आहे. इस्राएलाला मूर्तिपूजेकडे वळवण्याचा सल्ला त्याचा होता, हे गणना ३१ मध्ये कळते. त्याला अनीतीच्या मोबदल्याची आवड होती, असे पेत्राचे दुसरे पत्र म्हणते. जॉर्डनमधील देर अल्ला येथे १९६७ मध्ये सापडलेल्या भिंतीवरील लेखातही बौराचा पुत्र बलाम या द्रष्ट्याचे नाव आहे.

कोरह हा लेवी, म्हणजे निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) सेवेसाठी आधीच निवडलेल्या वंशातला. दाथान, अबीराम आणि २५० प्रमुखांसह तो इस्राएलाचा नेता मोशे व प्रमुख याजक अहरोन यांच्यासमोर उभा राहतो (गणना १६) आणि सगळी मंडळी पवित्र असताना तुम्ही स्वतःला उंच का करता, असे विचारतो. हा युक्तिवाद वरवर पाहता न्याय्य आहे, आणि म्हणूनच तो धोकादायक मानला गेला. मोशेच्या उत्तरानुसार मिळालेली सेवा कमी वाटून याजकपदाचीही हाव धरणे हा खरा दोष होता. धरणी दुभंगून बंडखोर गडप होतात, धूप जाळणारे २५० जण अग्नीने भस्म होतात आणि त्यांची धुपाटणी ठोकून वेदीला पत्रे लावले जातात. कोरहाचे पुत्र मात्र मेले नाहीत, असे गणना २६ सांगते, आणि स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे कोरहपुत्रांच्या नावावर आहेत.

या कथेचा उपयोग मंडळीतील मतभेद दडपण्यासाठीही होऊ शकतो, पण तो तिचा अर्थ नव्हे. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी, असे पेत्र व इतर प्रेषित यहूदी न्यायसभेसमोर सांगतात (प्रेषितांची कृत्ये ५). पुण्याच्या ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे बोलके आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अँग्लिकन चर्चच्या भगिनींशी (जोगिणींशी) धर्मतत्त्वे आणि चर्चचा अधिकार यांवर पत्रांतून उघड वाद घातला. कोरहाने अहरोनाचे पद मागितले होते. रमाबाईंचा आग्रह मात्र स्वतः शास्त्र वाचून पटेल तेवढेच मानण्याचा होता. त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले, पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्ती मिशन उभे राहिले आणि तेथेच त्यांनी हिब्रू व ग्रीक मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांच्या निधनानंतर ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.