प्रौढ हौशी फिगर स्केटिंग स्पर्धामालिका

प्रौढ हौशी फिगर स्केटिंग स्पर्धामालिका : पोटापाण्याचा उद्योग वेगळाच असलेल्या आणि केवळ आवडीपोटी फिगर स्केटिंग करणाऱ्या मोठ्या वयाच्या खेळाडूंसाठी ठरावीक अंतराने भरवल्या जाणाऱ्या स्पर्धांची साखळी. फेऱ्यांचे गुण पुढे धरले जातात आणि अखेरचा क्रम धरलेल्या फेऱ्यांच्या बेरजेवर लागतो. फिगर स्केटिंग मूळचे बर्फावरचे. त्यातील उड्या, गिरक्या आणि पदन्यास चाकांच्या स्केट्सवरही करता येतात. त्या प्रकाराला कलात्मक (आर्टिस्टिक) स्केटिंग म्हणतात. सांगलीत बर्फाची रिंक नाही. सिमल्याची १९२० पासूनची नैसर्गिक बर्फाची रिंक किंवा डेहराडूनची बंदिस्त रिंक इथून दीड हजार किलोमीटरहून लांब. म्हणून या नोंदीतले नियम बर्फावरचे असले, तरी आयोजनाची गोष्ट सांगली-मिरजेच्या काँक्रीटवरची आहे.

‘हौशी’ हा शब्द सांगलीला समजावून सांगावा लागत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ याच गावात रंगवले, आणि दिवसा बँकेत, शाळेत किंवा दुकानात बसणारी माणसे रात्री तालमीला जमण्याची इथली रीत जुनी आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटाची रचनाही जवळजवळ हीच : आधी केंद्राकेंद्रावर प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरी. स्केटिंगच्या मालिकेला एवढा चांगला नमुना घरातच असताना तो परदेशातून आणण्याची गरज नाही. परदेशातून घ्यायचे ते वयोगटांचे आणि दर्जांचे कोष्टक.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ मध्ये नेदरलँड्समधील शेव्हेनिंगेन येथे स्थापन झाली. तेव्हा या खेळाचा कणा म्हणजे बर्फावर कोरलेल्या आकृत्या. आठाच्या आकड्यावरून पुन्हा पुन्हा जायचे आणि रेघ हलू द्यायची नाही. ‘फिगर’ हे नाव त्यावरूनच पडले. १९९० नंतर या सक्तीच्या आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या. चाकांच्या स्केटिंगमध्ये मात्र जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांवरची आकृत्यांची स्पर्धा टिकून राहिली. पन्नाशीतल्या नवशिक्याला उडी मारायला लावण्यापेक्षा वर्तुळावरून सरळ जायला लावणे जास्त शहाणपणाचे, त्यामुळे ही जुनी शाखा प्रौढांच्या मालिकेत जरूर असावी.

मोठ्या माणसांसाठी वेगळी स्पर्धा ही कल्पना त्या मानाने अलीकडची. अमेरिकेत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे झाली; तिथे २१ व्या वर्षापासून खेळाडू प्रौढ धरला जातो. आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रौढ स्पर्धा २००५ पासून जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ या डोंगरी गावात सुरू झाली. तिथली किमान वयाची अट २८ वर्षांची, आणि पुढे दहा-दहा वर्षांचे वयोगट. वयाबरोबर कौशल्याचा दर्जाही पाहतात : ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि मास्टर्स. ही पदकांची नावे नव्हेत, गटांची आहेत. ब्राँझ गटात सुवर्णपदक मिळवणारी बाई घरी सांगताना हमखास गोंधळ उडवते. ब्राँझमध्ये एका फेऱ्याच्याच उड्या चालतात आणि त्यातही अ‍ॅक्सेल वर्ज्य. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसेनने १८८२ मध्ये व्हिएन्नात दाखवलेली ही उडी पुढे तोंड करून घेतात आणि मागे तोंड करून उतरतात, त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त पडतो. हौशी खेळाडूची पाचसहा वर्षे त्या अर्ध्या फेऱ्यातच जातात.

गटवारी हाच अशा मालिकेचा गाभा आहे. बाकी सगळे मांडव-खुर्च्यांचे काम. जत्रेबद्दल आपण हवशे, नवशे आणि गवशे म्हणतो. प्रौढांच्या स्केटिंगलाही तीन तऱ्हेची माणसे येतात. मुलाला क्लासला सोडून कठड्यावर तासभर बसणारे आणि एक दिवस ‘आपणही करून पाहू’ म्हणून चाके बांधणारे पालक पहिले. लहानपणी शिकून मध्येच सोडलेले दुसरे. आणि तिसरे शाळा-कॉलेजात राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेले, वीस वर्षांनी पोट सुटल्यावर परतलेले. पोट सुटले तरी अंगातली कला गेलेली नसते. या तिघांना ‘३५ वर्षांवरील’ अशा एकाच गटात उतरवले, की पहिल्या फेरीनंतर पालकमंडळी परत येत नाहीत. म्हणून प्रवेशिकेवर वयाआधी एक प्रश्न हवा : ‘अठरा वर्षांच्या आत कोणत्या पातळीवर खेळलात?’ उत्तर राज्य किंवा त्यावर असेल तर वय काहीही असो, गट मास्टर्स.

गावजत्रेच्या कुस्तीमैदानात जोड लावणाऱ्या वस्तादाला हे कळते. कागदावरचे वजन सारखे असले तरी तो पोराची मान आणि मांडी पाहून जोड ठरवतो, कारण एकतर्फी कुस्तीला माणसे थांबत नाहीत. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून मारुती मानेंच्या कवठेपिरानपर्यंतच्या या टापूत ती नजर अनोळखी नाही. स्केटिंगच्या आयोजकानेही पहिल्या फेरीआधी एखाद्या रविवारी खुला सराव ठेवावा आणि प्रत्येकाला दोन मिनिटे पाहून गट पक्का करावा.

उलटा धोकाही आहे. पाच वयोगट, चार दर्जे, स्त्रिया आणि पुरुष वेगळे : झाले चाळीस गट. आणि सांगलीसारख्या शहरात पहिल्या वर्षी प्रवेशिका आल्या चाळीस, तर प्रत्येकाच्या गळ्यात सुवर्णपदक. एकटाच धावला आणि पहिला आला, अशी गत. यावर दोन उपाय आहेत. तीनपेक्षा कमी खेळाडूंचे गट शेजारच्या वयोगटात मिसळायचे, पण दर्जा मिसळायचा नाही. चाळिशीचा आणि बावन्नचा खेळाडू एका दर्जात नीट खेळू शकतात, नवशिक्या आणि मास्टर नाही. दुसरा उपाय म्हणजे एकट्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याऐवजी ठरलेल्या गुणांच्या रेषेशी खेळवायचे : इतके गुण पडले तर सुवर्ण, त्याखाली रौप्य. दुसरा उपाय अधिक प्रामाणिक, पण त्याला पक्की गुणपद्धत लागते.

बर्फावरची जुनी पद्धत सहापैकी गुणांची. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराच्या निकालावरून मोठा गदारोळ झाला, कॅनडाच्या जोडीला दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले, आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी पद्धत स्वीकारली. तिच्यात प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरलेली किंमत असते. परीक्षक तिच्या सफाईवर उणे पाच ते अधिक पाच असा शेरा देतात. त्याशिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कसब यांचे गुण वेगळे. ही पद्धत न्याय्य आहे, पण तिला कॅमेरा, पुनर्दर्शन, संगणक आणि ‘उडी पुरी फिरली की पाव फेरा कमी पडला’ हे सांगणारे तज्ज्ञ लागतात. जिल्ह्याच्या मालिकेला हा बोजा पेलत नाही. तीन परीक्षक आणि बहुमताची क्रमवारी यावर काम भागते.

बहुमत म्हणजे बेरीज नव्हे, हे मात्र पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून दाखवावे. समजा चार खेळाडू आहेत. दोन परीक्षकांनी ‘अ’ला पहिली, ‘ब’ला दुसरी, ‘क’ला तिसरी आणि ‘ड’ला चौथी ठरवले. तिसऱ्याने ‘ब’ पहिली, ‘क’ दुसरी, ‘ड’ तिसरी आणि ‘अ’ चौथी असा क्रम दिला. क्रमांकांची बेरीज केली तर ‘अ’चे सहा आणि ‘ब’चे पाच, म्हणजे ‘ब’ जिंकली. बहुमताने पाहिले तर तीनपैकी दोघांनी ‘अ’ला पहिले ठेवले आहे, म्हणून ‘अ’ जिंकली. फिगर स्केटिंगची परंपरा दुसऱ्या बाजूची आहे, आणि ती योग्यच. नाहीतर एकच नाराज परीक्षक सगळा निकाल फिरवू शकतो. मोठी माणसे लहान मुलांपेक्षा जास्त भांडतात. गुणपत्रक त्याच संध्याकाळी सर्वांना दिसेल असे भिंतीवर लावावे.

मालिका का, एकच मोठी स्पर्धा का नको? कारण चाळिशीनंतर पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिलेल्या माणसाचे पाय पहिल्या फेरीत लटपटतात. त्याने काय कमावले ते दुसऱ्या फेरीतच दिसते. तीन फेऱ्या, त्यातील सर्वोत्तम दोन धरायच्या, हा हिशेब हौशी माणसाला मानवतो. एखादी फेरी मुलाचा ताप, ऑडिट किंवा मेहुणीचे लग्न यात जाणारच, हे गृहीत धरूनच नियम करावा.

जागेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. बर्फाच्या रिंकचे पूर्ण माप ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. चाकांसाठी त्याहून लहान जागा चालते, पण ती सपाट, अखंड आणि खरखरीत नसलेली हवी. सांगलीकडे मुलांचे स्केटिंग बहुधा वेगाच्या शर्यतींचे असते : एका रांगेत चाके असलेले इनलाइन स्केट्स आणि वळणावर उंचावलेला ट्रॅक. त्यातले काहीच इथे उपयोगी पडत नाही. गिरकीला उतार चालत नाही आणि उडीला पुढचा रबरी स्टॉपर लागतो, जो वेगाच्या स्केटला नसतो. चार चाके दोन-दोनच्या जोडीने बसवलेले आणि अंग झुकवले की वळणारे क्वाड स्केट न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये बनवले. कलात्मक स्केटिंगचे मुख्य साधन आजही तेच. आयुधे वेगळी असली तरी उड्यांची नावे, साल्को, लुट्झ, फ्लिप, बर्फावरचीच आहेत. काही गिरक्या मात्र निव्वळ चाकांच्या, जसे टाचेच्या चाकांवर फिरणे. त्या बर्फवाल्यांना जमणाऱ्या नाहीत, हे चाकवाले आवर्जून सांगतात.

मंगल कार्यालयाचा मोठा हॉल ही सोयीची जागा. छप्पर असते आणि जेवणाची सोयही. पण गुळगुळीत ग्रॅनाइटवर चाक धरत नाही, आणि फरशांच्या सांध्यात अडखळते. चाकाची कठीणता फरशीप्रमाणे बदलतात : घसरत्या फरशीला मऊ चाक, खरबरीत काँक्रीटला कठीण. खेळाडूकडे दुसरा संच नसेल तर आयोजकाने सरावाच्या दिवशीच त्याच जागेवर सगळ्यांना फिरवावे. आणि एक खडा. हरभऱ्याएवढा खडा पुढच्या चाकाखाली आला की चाक जागीच थांबते आणि माणूस पुढे जातो. म्हणून दर गटानंतर दोन स्वयंसेवक रुंद मॉप घेऊन जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेजारी-शेजारी चालत जातात. खराटा वापरू नये, त्याच्या काड्या मागे राहतात.

पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगट मोडते. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत हाडे विरळ झालेली असली तर साध्या पडण्यानेही. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड ब्राँझ गटाला सक्तीचे करावेत, शोभा गेली तरी चालेल. पोशाखाचा नियम एकच पुरे : लोंबणारे काही नको. ओढणी चाकात गेली तर पुढचे सांगायला नको. स्त्रियांना पँट घालायची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत २००४ पासूनच आहे, त्यामुळे आखूड झग्याची धास्ती घेऊन कोणी घरी बसू नये. प्रवेशिकेला डॉक्टरांचा दाखला जोडून घ्यावा आणि रुग्णवाहिका दाराशी उभी ठेवावी. १८९४ मध्येच वॉन्लेस रुग्णालय उभे राहिलेले मिरज शेजारी असताना याबाबत सबब चालणार नाही.

ब्राँझ गटाचा कार्यक्रम जेमतेम पावणेदोन मिनिटांचा. येणे, नमस्कार, खेळणे, गुण लिहिणे धरून माणशी चार मिनिटे. चाळीस खेळाडूंना १६० मिनिटे. सहा-सहांच्या सात सराव फेऱ्या पाच-पाच मिनिटांच्या, म्हणजे आणखी ३५. एकूण सव्वातीन तास. पाहुण्यांची भाषणे यात धरलेली नाहीत, आणि धरूही नयेत. उतरण्याचा क्रम सोडत काढून ठरवतात. पहिली चिठ्ठी कोणालाच नको असते, म्हणून ती उघड्यावर, सर्वांसमोर काढावी.

गाण्यांच्या शब्दांवर बर्फावर पूर्वी बंदी होती. एकेरी आणि जोडी प्रकारात ती २०१४-१५ च्या हंगामापासून उठली. सांगलीकरांच्या हाती नाट्यगीतांचा खजिना आहे, पण पावणेदोन मिनिटांत बसवताना आलाप कुठे तोडायचा हे ज्याने त्याने ठरवायचे. प्रत्येकाची फाइल आठवडाभर आधी मागवून एकाच लॅपटॉपवर ठेवावी, शिवाय पेन ड्राइव्हवर एक प्रत. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्याचा परवाना आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी हे आयोजकाचे काम. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही.

पैशांचे फार नाही. जागेचे भाडे, परीक्षकांचा प्रवास व मुक्काम, विमा आणि पदके. यात परीक्षकांचा खर्च कापण्याचा मोह आवरावा. वेगाच्या शर्यतीचा पंच घड्याळ पाहतो, त्याला एजचे, म्हणजे स्केटच्या कडेवर झुकून वळण्याच्या कसबाचे, गुण देता येत नाहीत. कलात्मक प्रकाराचा परीक्षक बाहेरगावाहून बोलवावा लागला तरी बोलवावा.

वेळापत्रक हवामानाआधी माणसांच्या कामावरून ठरते. जून ते सप्टेंबर उघडी जागा धरूच नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे पूर पाहिलेला कोणी तसे सुचवणारही नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी काँक्रीटवर हात ठेववत नाही. राहिला थंडीचा काळ, पण त्यातही उघड्या जागेवर सकाळी आठ-साडेआठपर्यंत दव असते आणि ओल्या काँक्रीटवर चाक निसटते, म्हणून पहिला गट नऊनंतर. पहिली फेरी दिवाळी उरकल्यावर, दुसरी डिसेंबरच्या मध्यास, तिसरी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. चौथा रविवार नको, कारण मैदान प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या तालमीत अडकलेले असते. फेब्रुवारीत ढकलली तर शिक्षक बारावी-दहावीच्या परीक्षांत, बँकवाले मार्चअखेरच्या धास्तीत आणि हळदीचे पीक घेणारे खेळाडू शेतावर हळद शिजवायच्या काहिलीपाशी.