फुकागावाचा मिकोशी आणि एइताई पूल

तोक्योत सुमिदा नदीच्या पूर्वेला फुकागावा ही जुनी वस्ती आहे. तिथल्या तोमिओका हाचिमान या शिंतो (जपानच्या मूळ धर्माच्या) देवळाची जत्रा ऑगस्टच्या मध्याला भरते आणि दर तीन वर्षांनी ती मोठी होते. त्या वर्षी आळीआळीचे पन्नासहून अधिक मिकोशी एकापाठोपाठ निघतात. मिकोशी म्हणजे देवाचे फिरते देऊळ. आपल्या पालखीसारखे तेही खांद्यावरच असते, पण ते संथपणे वाहून न्यायचे नसते, उसळवायचे असते.

देऊळ १६२७ सालचे. नदीच्या मुखाशी गाळाची बेटे होती, तिथे भर घालून जमीन केली आणि हाचिमान या योद्ध्यांच्या देवाची स्थापना झाली. जत्रेची सुरुवात १६४२ची मानतात, निमित्त शोगुन, म्हणजे जपानचा तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, इएमित्सू याच्या वारसाचे. पुढे मात्र शोगुनपेक्षा लाकडाच्या वखारवाल्यांचाच इथे जोर राहिला. किनोकुनिया बुन्झाएमोन या लाकूड व्यापाऱ्याने सोन्याने मढवलेले मिकोशी दिल्याचे सांगतात.

या जत्रेचा इतिहास सांगायचा तर एइताई पुलाशी थांबावेच लागते. १६९८मध्ये बांधलेला हा लाकडी पूल शोगुनशाहीला पुढे परवडेना. १७१९मध्ये तो मोडायचे ठरले, तेव्हा नागरिकांनी तो स्वतःकडे मागून घेतला. डागडुजी त्यांची, खर्च त्यांचा; त्यासाठी ते जकात घेत. सप्टेंबर १८०७मध्ये बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर जत्रा भरणार होती. त्यातही पावसाने ती चार दिवस लांबली, म्हणजे लोकांची उत्सुकता शिगेला. ऐन वेळी एका बड्या घराण्याची नाव खालून जायची म्हणून पूल अडवला आणि सोडताच गर्दी लोटली. पूल तुटला. मागच्यांना पुढचे काही दिसत नव्हते, ते ढकलतच राहिले. एका सामुरायने तलवार उपसून फिरवली तेव्हा कुठे माणसे मागे हटली, असे सांगतात. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा १४००च्या वर गेला. दोष गर्दीला देणे सोपे आहे, पण पूल आधीच जीर्ण होता आणि तो नागरिकांच्या गळ्यात टाकणारे सत्ताधारीच होते.

जुने मिकोशी १९२३च्या भूकंपात गेले, देऊळ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. आजची मुख्य वास्तू १९५६ची.

१९९१मध्ये एका देणगीतून नवा मिकोशी आला: सोने, हिरे, माणके आणि वजन साडेचार टन. तो पेलवेना! म्हणून १९९७मध्ये दोन टनांचा दुसरा करावा लागला. जमिनीचे आणि शेअरचे भाव बुडबुड्यासारखे फुगले होते त्या काळातली जपानी श्रीमंती याहून नेमकी कुठे दिसेल असे वाटत नाही.

आज मिरवणुकीच्या वाटेवर लोक वाहकांवर बादल्या रित्या करतात, मोठमोठ्या नळ्यांनीही पाणी मारतात. ऑगस्टच्या उन्हात त्याची गरजही असते. ‘वाश्शोई, वाश्शोई’ ही इथली जुनी आरोळी, आणि दुसरी कुठली चालवून घेत नाहीत. करोनामुळे २०२०ची मोठी जत्रा पुढे ढकलली गेली, ती २०२३मध्ये झाली. मिरवणुकीची वाट एइताई पुलावरूनच जाते. अर्थात आताचा पूल पोलादी आहे.